कसारा : घाटाच्या पायथ्याचें गांव

मुंबईहून आगगाडीनें नाशिकास जाणाऱ्या वाचकांपैकीं बहुतेकांनीं कसारा स्टेशन पाहिलेलें असतें. परंतु तेथें उतरून गांवांत गेलेला वाचक विरळाच. गाडी थांबते, चहावाल्याची हांक कानीं येते, थोड्या वेळानें मागच्या बाजूनें हलकासा धक्का बसतो, आणि पेंगुळलेले प्रवासी ‘घाट आला’ म्हणत खिडकीकडे सरकतात. तो धक्का गाडीच्या पाठीस लागलेल्या इंजिनांचा असतो. या गांवाचा सारा इतिहास त्या एका धक्क्यांत सांठविलेला आहे.

प्रस्तुत लेखकाची शिक्षकी शहापूर व मुरबाड या ठाणें जिल्ह्यांतील दोन तालुक्यांत झाली. मुरबाडास अद्याप आगगाडी गेलेली नाहीं. तेथील मनुष्य एस्. टी. नें कल्याण गांठतो. खुद्द शहापूरचें स्टेशनहि गांवांत नसून आसनगांवीं आहे. अशा प्रदेशांत रुळांनीं ज्या गांवाला जन्म दिला त्याचें कुतूहल मला पहिल्यापासूनच वाटे.

१८५३ च्या एप्रिलांत मुंबई-ठाणें गाडी सुरू झाली हें शाळेंतील मुलगाहि सांगेल. पुढील वर्षीं ती कल्याणास पोंचली व १८५५ च्या ऑक्टोबरांत वासिंदास. तेथें रूळ चार वर्षांवर थबकले होते. १८६० सालीं ते आसनगांवास आले, आणि १ जानेवारी १८६१ रोजीं कसाऱ्यास. पुढें सह्याद्रि आडवा होता. १८६५ च्या जानेवारींत घाटांतून गाडी इगतपुरीस गेली. म्हणजे चार वर्षेंपर्यंत कसारा हेंच या बाजूचें रुळांचें टोंक होतें. या मार्गाचे प्रमुख इंजिनियर जेम्स बर्कले हे १८६२ सालींच वारले. घाट चढणारी गाडी त्यांच्या नशिबीं नव्हती. त्यांचें नांव तरी ग्रंथांतून राहिलें. ज्या मजुरांनीं सुरुंग लावून हे बोगदे फोडले त्यांचीं नांवें कोण जाणतो?

या थळ घाटाची चढण ३७ फुटांस १ फूट इतकी आहे. पायीं चालणारास ती कांहींच वाटणार नाहीं. परंतु लोखंडावर लोखंडी चाक फिरावयाचें असतां एवढ्या चढणीनेंहि बलाढ्य इंजिनास घाम फुटतो. सारा भार पुढून ओढला तर डब्यांना जोडणाऱ्या सांखळ्यांवर अतोनात ताण येतो, आणि एखादी तुटल्यास मागील डबे उतारावरून सुटतील. म्हणून मागून रेटा द्यावयाचा. १९३० च्या सुमारास वाफेचीं इंजिनें जाऊन घाटांत वीज आली, तरी हा रेटा सुटलेला नाहीं. इंजिनें इगतपुरीपर्यंत गाडी ढकलतात, तेथें सुटतात, आणि पुनः दुसऱ्या गाडीच्या सेवेस पायथ्याशीं येतात. आमच्या शिक्षकी पेशाची मला येथें नेहमी आठवण होते.

इंग्लंडांत क्रू येथें १८४३ सालीं आगगाडीचा कारखाना निघाला व त्याभोंवतीं शहर वाढलें. आपल्याकडे घाटमाथ्यावरील इगतपुरीस इंजिनांचें आवार मिळालें, बंगले मिळाले. पायथ्याच्या कसाऱ्यास मिळाला मुख्यत्वें थांबा. परंतु त्या थांब्यावरच गांव जगतें. मुंबईची लोकल येथवर येते. अंतर सुमारें १२१ किलोमीटर. पहांटेच्या काळोखांत नोकरदार निघतात, त्यांच्याबरोबरच ठाकर-कातकरी बायका रानभाज्यांच्या, करवंदांच्या पाट्या घेऊन कल्याणच्या बाजारास जातात. कित्येकांच्या दिवसाचे पांच तास गाडींतच सरतात.

आतां एक गोष्ट सांगतों, ती माझ्या चुकीची आहे. एका चैत्रांत मी वर्गांत भूगोल शिकवीत होतों. विषय होता मुंबईचें पाणी. १८९२ चा तानसा तलाव, १९५७ चा मोडकसागर, भातसा धरण, सारीं याच टापूंतलीं, असें मोठ्या अभिमानानें सांगत असतां जवळच्या पाड्यावरची एक मुलगी अर्ध्या तासानें वर्गांत आली. त्या आठवड्यांतील ती तिसरी वेळ होती. मीं तिला तास संपेपर्यंत उभें केलें. मधल्या सुटींत तिच्या मैत्रिणीनें सांगितलें, “गुरुजी, ती पहांटेपासून विहिरीवर होती. झरा हळू भरतो.” माझ्या फळ्यावर तेव्हां मुंबईच्या पाण्याचा नकाशा तसाच होता. मीं तो पुसला. पण मनांतून तो पुसला गेला नाहीं. दुसऱ्या दिवसापासून तिची उशिराची नोंद मीं केली नाहीं. याहून अधिक कांहीं माझ्या हातून झालें नाहीं, हेंहि कबूल केलें पाहिजे.

गेल्या वैशाखांत कसाऱ्यास उतरलों. पुलाच्या पायरीशीं एका बाईनें वांकून नमस्कार केला. तीच ती! बरोबर आठ-नऊ वर्षांची लेक. मी विचारलें, “बाई, पाड्यावर पाण्याचें कसें?”

ती हंसून म्हणाली, “नळ आला, गुरुजी. पाणी यायचं हाय.”

“आणि ही? शाळेंत वेळेवर जाते ना?”

“जाते. पहांटे विहिरीवर मी जाते, हिला पाठवीत नाय.”

इतक्यांत नाशिककडील गाडी लागली. मागून इंजिनांनीं रेटा दिला आणि गाडी घाटाकडे सरकूं लागली. ती माउली लेकीचा हात धरून पूल चढत होती. मला वाटलें, चढणीवर मागून रेटा देणारें कोणी असावें लागतें, हें या गांवानें दीडशें वर्षांवर जगास दाखविलें. त्या लेकीस तो मिळाला आहे. पाड्यास मात्र तो अद्याप मिळावयाचा आहे.

वाचकहो, मुंबईस आपण नळ सोडतां तेव्हां या घाटपायथ्याची आठवण असूं द्यावी. आणि पुढच्या खेपेस कसाऱ्यास गाडी थांबली, तर चहा घेतां घेतां क्षणभर गांवाकडेहि पाहावें, इतकीच विनंति.