आमची भाकिते

कुणाला तपकिरीचे व्यसन असते, कुणाला शब्दकोड्यांचे; आम्हाला भाकिते करण्याचे आहे. तीही पावसापाण्याची किंवा निवडणुकांची नव्हेत. त्या क्षेत्रात स्पर्धा फार! आमची भाकिते सातासमुद्रापलीकडच्या अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल आणि बेसबॉल या दोन खेळांविषयी असतात. गोव्यातील मराठी शाळेत भाषा व इतिहास शिकविणाऱ्या, घरी कोकणी बोलणाऱ्या आमच्यासारख्या कलाशाखेच्या पदवीधराला हा नाद कसा लागला, असे पुष्कळ जण विचारतात. उत्तर सोपे आहे. कॉलेजात असताना आमची उंची बास्केटबॉलला पुरत नव्हती आणि हौस मात्र उंचीपेक्षा वीतभर अधिक होती. जे मैदानावर साधले नाही ते आम्ही टेलिव्हिजनसमोर बसून साधू लागलो.

अमेरिकेत दिवेलागण होऊन सामना सुरू होतो, तेव्हा आपल्याकडे कोंबडा आरवण्याच्या बेतात असतो. त्यामुळे आमच्या घरात पहाटेचा पहिला दिवा या नादापायी लागतो. "फांतोडेर उठून देवाचें नांव घेवपाचें सोडून हें कितें पळयता रे?" असे आमच्या मातोश्री अजूनही विचारतात. आम्ही उत्तर देत नाही. कारण खरे उत्तर दिले तर चहा मिळणार नाही.

या दोन खेळांपैकी बास्केटबॉलविषयी आम्हाला व्यवसायबंधुत्वामुळे विशेष जिव्हाळा आहे. हा खेळ एका शिक्षकाने शोधून काढला. 1891 च्या डिसेंबरात, मॅसॅच्युसेट्स संस्थानातील स्प्रिंगफील्ड गावी जेम्स नेस्मिथ नावाच्या शिक्षकांपुढे एक वर्ग होता. बाहेर कडाक्याची थंडी आणि आत कंटाळलेले दांडगे विद्यार्थी! नेस्मिथांनी व्यायामशाळेच्या सज्जाला दोन बाजूंना पीच फळांच्या दोन टोपल्या ठोकल्या, तेरा नियम लिहून भिंतीवर लावले आणि वर्ग काबूत आणला. शेवटच्या तासाला नववीचा वर्ग सांभाळलेल्या कोणत्याही शिक्षकास या पराक्रमाचे मोल सांगावयास नको.

पुढे हाच खेळ एकदा मरणपंथाला लागला होता. आघाडी मिळालेला संघ चेंडू नुसता आपापसांत फिरवीत वेळ काढी. 1950 च्या नोव्हेंबरात फोर्ट वेनच्या संघाने मिनियापोलिसच्या संघाला अवघ्या 19 विरुद्ध 18 गुणांनी हरविले. एवढे गुण आजचे संघ काही मिनिटांत करतात. प्रेक्षक जांभया देऊ लागले. तेव्हा सिरॅक्यूज संघाचे मालक डॅनी बियासोन यांनी साधा त्रैराशिकाचा हिशेब मांडला. सामना 48 मिनिटांचा, म्हणजे 2880 सेकंदांचा. रंगलेल्या सामन्यात दोन्ही संघ मिळून सुमारे 120 वेळा चेंडू टोपलीकडे फेकतात. भागाकार आला 24. 1954 पासून नियम झाला की, चेंडू हाती आल्यावर 24 सेकंदांच्या आत तो टोपलीकडे फेकलाच पाहिजे. एका भागाकाराने एक खेळ वाचविला! गणिताचा व्यवहारात काय उपयोग, असे विचारणाऱ्या विद्यार्थिमित्रांनी हे उदाहरण ध्यानात ठेवावे.

बेसबॉलची प्रकृती अगदी निराळी. क्रिकेट जाणणाऱ्या आपल्या लोकांना तो खेळ दूरच्या चुलतभावासारखा वाटतो. चेहरा ओळखीचा, पण स्वभाव परका. येथे फलंदाजाला दिवसभर ठाण मांडून बसता येत नाही. चेंडू चांगला टोलवून पहिल्या तळापर्यंत धावत पोहोचावे लागते, आणि ते किती कठीण आहे हे आकडेच सांगतात. दहांपैकी तीन वेळा ज्याला हे साधते तो उत्तम फलंदाज. 1941 च्या हंगामात टेड विल्यम्स यांची सरासरी .406 होती आणि तिचे गोडवे अद्याप गाइले जातात. म्हणजे या थोर पुरुषालाही दहांपैकी सहा वेळा अपयशच आले. आमच्या शाळेत शंभरांपैकी चाळीस गुण मिळविणाऱ्याच्या पाठीवर कुणी शाबासकीची थाप मारल्याचे आम्हास स्मरत नाही.

बेसबॉलला घड्याळाचे बंधनही नव्हते. नऊ डाव संपेपर्यंत, आणि बरोबरी झाल्यास त्यापुढेही, सामना चालतच राही. 2023 साली मात्र चेंडू फेकणाऱ्यासाठी घड्याळ लावण्यात आले आणि त्या एकाच वर्षात सामन्याचा सरासरी वेळ सुमारे 24 मिनिटांनी घटला. जुन्या रसिकांनी नाके मुरडली. आमचे मत विचाराल तर सुधारणा योग्यच झाली. कारण आम्हास साडेसातला शाळेत हजर व्हावे लागते.

असो. प्रश्न भाकितांचा होता. बास्केटबॉलमध्ये चाळीस-पन्नास मिनिटांत शेकडो वेळा चेंडू या हातातून त्या हातात जातो, त्यामुळे बलवान संघाचे बळ बहुधा दिसून येतेच. बेसबॉलमध्ये नशिबाचा वाटा मोठा. 2001 साली सिएटलच्या संघाने 162 पैकी 116 सामने जिंकले, तरी त्याला अंतिम मालिकेपर्यंत पोहोचता आले नाही. म्हणून आमचे धोरण असे होते की, बेसबॉलविषयी सावधपणे बोलावे आणि बास्केटबॉलविषयी छातीठोकपणे. याच छातीठोकपणाने आमचा घात केला.

2016 च्या जून महिन्यातील गोष्ट. गोल्डन स्टेटच्या संघाने त्या हंगामात 82 पैकी 73 सामने जिंकून विक्रम केला होता. सात सामन्यांच्या अंतिम मालिकेत त्यांनी क्लीव्हलंडवर 3-1 अशी आघाडी घेतली. अंतिम मालिकेत अशी पिछाडी भरून काढणे तोवर एकाही संघाला जमले नव्हते. शाळा नुकतीच सुरू झाली होती. आठवीच्या वर्गात आम्ही खडू आपटून जाहीर केले, "संपले! क्लीव्हलंड जिंकले तर आठवडाभर गृहपाठ माफ!" वर्गात हर्षाची लाट उसळली. इतक्यात मागच्या बाकावरून एक आवाज आला, "पण सर, अजून तीन सामने उरलेत ना?"

तो मुलगा वर्गात क्वचितच बोले. त्याचे अक्षर वाईट, शुद्धलेखन त्याहून वाईट आणि इतिहासातील सनावळ्यांशी त्याचे जन्माचे वैर होते. आम्ही हसून त्याला खाली बसविले. 20 जूनला आम्ही वर्गात गेलो तेव्हा फळ्यावर कुणीतरी मोठ्या आकड्यांत लिहून ठेवले होते: 93-89. क्लीव्हलंडने उरलेले तीनही सामने जिंकले होते. गृहपाठ माफ करावा लागला. अक्षरावरून लेखक कोण तेही आम्ही ओळखले.

त्यातून आम्ही शहाणे झालो असतो तर हा लेख लिहिण्याचे कारण पडले नसते. त्याच वर्षी, दिवाळीच्या सुट्टीत, बेसबॉलची अंतिम मालिका चालू होती. शिकागोच्या कब्ज संघाने 1908 नंतर अजिंक्यपद मिळविले नव्हते. तेही 3-1 असे मागे पडले आणि आम्ही पुन्हा "संपले" म्हणालो. सातव्या सामन्यात नऊ डावांनंतर बरोबरी होती आणि पावसामुळे सतरा मिनिटे खेळ थांबला. त्या सतरा मिनिटांत जेसन हेवर्ड या खेळाडूने आपल्या सोबत्यांना व्यायामाच्या खोलीत एकत्र बोलावून धीर दिला. स्वतः तो त्या मालिकेत फारसा चमकला नव्हता. पाऊस थांबला, दहाव्या डावात शिकागोने 8-7 असा विजय मिळविला आणि 108 वर्षांची प्रतीक्षा संपली.

पुढच्या वर्षीच्या वार्षिक परीक्षेत तो मागच्या बाकावरचा मुलगा नववीत नापास झाला. त्याचे वडील आम्हाला भेटावयास आले. मासेमारीवर पोट भरणारे ते गृहस्थ, हातातली टोपी चुरगाळीत उभे राहिले आणि एवढेच विचारले, "सर, ह्याला शिकवून कायतरी उपयोग होईल काय?" आम्ही त्यांना बसा म्हणालो, पण उत्तर मात्र उभ्याउभ्याच दिले. "पुस्तकी शिक्षण याच्या हातून होणार नाही. एखाद्या धंद्याला लावा." जूनमध्ये तो शाळेत आला नाही. मामाच्या कारखान्यात होड्यांची इंजिने दुरुस्त करू लागला, असे कळले. आमच्या सल्ल्याला बाप इतका मान देईल, हे भाकीत मात्र आम्हाला करता आले नव्हते.

वाचकहो, अमेरिकेतील संघ दरवर्षी नवोदित खेळाडूंची क्रमवार निवड करतात. त्यासाठी पगारी पारखी असतात. ते मुलांची उंची मोजतात, धाव मोजतात, शेकडो सामने पाहतात. तरीही 2014 साली सर्बियाचा निकोला योकिच एकेचाळिसाव्या क्रमांकावर निवडला गेला आणि त्याचे नाव पुकारले जात असताना टेलिव्हिजनवर जाहिरात चालू होती. पुढे तीनदा तो हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि 2023 मध्ये त्याने डेन्व्हरला पहिले अजिंक्यपद मिळवून दिले. बेसबॉलचे माइक पियाझा तर 1988 साली 1390 व्या क्रमांकावर निवडले गेले होते. 2016 मध्ये त्यांचा समावेश त्या खेळातील थोर पुरुषांच्या मालिकेत झाला. ज्यांचा चरितार्थ भाकितांवर चालतो त्यांची ही कथा. मग उत्तरपत्रिकांचा गठ्ठा चाळून एखाद्या मुलाचे भविष्य वर्तविणाऱ्या आम्हा शिक्षकांचा पाड काय?

2019 च्या ऑक्टोबरात सॅक्रामेंटो आणि इंडियाना हे दोन संघ मुंबईत वरळीला खेळावयास आले. पहिला सामना प्रामुख्याने शाळकरी मुलांसाठी होता. सॅक्रामेंटोचा संघ 2013 मध्ये ज्यांच्या पुढाकाराने विकत घेतला गेला ते विवेक रणदिवे जन्माने मुंबईकर. रणदिवे हे नाव ऐकल्यावर आमची तटस्थता संपली. घरच्या माणसाने परगावी दुकान घालावे आणि आपण उगाचच त्याच्या गल्ल्याची काळजी वाहावी, तसे आमचे झाले. दुकान चालत मात्र नव्हते. 2006 नंतर सलग सोळा हंगाम त्या संघाला बाद फेरी दिसली नव्हती. 2023 मध्ये ती दिसली आणि गाठ पडली गोल्डन स्टेटशी. पहिले दोन सामने सॅक्रामेंटोने जिंकले. आम्ही पुन्हा भाकीत केले! सातव्या सामन्यासाठी रात्री एक वाजता उठलो. स्टीफन करीने एकट्याने 50 गुण केले आणि आमचा संघ 20 गुणांनी हरला.

त्याच पावसाळ्यात एका दुपारी शाळेच्या व्हरांड्यात एक तरुण उभा दिसला. हाताच्या रेषांत काळे तेल मुरलेले. "सर, एक सही जाय आसली," तो म्हणाला. आम्ही आवाजावरून ओळखले. तो बाहेरून दहावीच्या परीक्षेस बसणार होता. इंजिनांचे रीतसर शिक्षण घ्यावयाचे तर दहावी हवी, असे त्याला कळले होते. कागद तपासताना आम्ही हळूच म्हणालो, "तुझ्या वडिलांना मी जे सांगितले ते चुकलेच माझे." तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "पाच वर्षे गेली, सर." त्याच्या स्वरात राग नव्हता, म्हणूनच ते वाक्य आमच्या मनात अधिक खोल रुतले. आम्ही सही केली. आठवड्यातून दोन संध्याकाळी इतिहास शिकविण्याचे कबूल केले. तो पास होईल की नाही, हे त्याने विचारले नाही आणि आम्ही सांगितले नाही.

मार्चमध्ये तो पास झाला. इतिहासात अगदी काठावर. 1891 हे साल मात्र तो कधीही विसरणार नाही, कारण सनावळी पाठ करण्याची सुरुवात आम्ही त्या दोन टोपल्यांपासून केली होती.

भाकिते करण्याचे व्यसन आमचे सुटलेले नाही. व्यसने इतकी आज्ञाधारक असती तर काय हवे होते! परंतु हल्ली आम्ही ती केवळ संघांपुरती ठेवतो, मुलांविषयी करीत नाही. आणि संघांविषयीही एकच भाकीत खात्रीने करतो. 116 सामने जिंकणारा सिएटलचा तो बलाढ्य संघ 46 वेळा हरला होता. उलट, 2024 साली शिकागोच्या व्हाइट सॉक्स संघाने 121 पराभव पत्करून नामुष्कीचा विक्रम केला, तरी तोही 41 वेळा जिंकला. तेव्हा येत्या हंगामात सर्वांत थोर संघ पुष्कळदा हरेल आणि सर्वांत दुबळा संघ पुष्कळदा जिंकेल.

विद्यार्थिमित्रहो, प्रगतिपुस्तकावर शेरा लिहिताना आता आमचे पेन थोडे थबकते. मागच्या बाकावरून एक आवाज येतो: अजून सामने उरलेत ना, सर?