आडव्या खाड्यांची वाट

रेवसपासून रेडीपर्यंतचा सागरी महामार्ग म्हटलं की डोळ्यांपुढे एका बाजूला अखंड समुद्र असलेला रस्ता उभा राहतो. प्रत्यक्षात गाडी वळणं घेत सड्यावर चढते. जांभ्याचा उघडा कातळ, कार्तिकात पिवळं पडत चाललेलं गवत, आंब्याच्या कलमांभोवतीचे गडगे असं बरंच मागे पडतं आणि मग एकदम उतार लागतो. उतारावर हवा बदलते. पोफळीच्या आगरातला ओला गारवा काचेतून आत येतो, चिऱ्यांच्या गडग्यांमधून जेमतेम एक गाडी जाईल एवढी वाट उरते, आणि माडांच्या पलीकडे समुद्र दिसतो. दिसतो न दिसतो तोच पुढचा चढ. आरे-वारेला मात्र रस्ता थेट पाण्याच्या डोक्यावरून जातो. तिथे सगळेच गाड्या थांबवतात, मीही थांबवते. तरी मला या वाटेचं वेड लागलं ते खाड्यांमुळे.

सह्याद्री आणि समुद्र यांच्यात इथे पन्नास-साठ किलोमीटरची पट्टी. सावित्री महाबळेश्वरला उगम पावते आणि बाणकोटला समुद्राला मिळते, इतका तिचा प्रवास लहान. पण फार पूर्वी समुद्राची पातळी चढली तेव्हा या नद्यांच्या मुखाकडच्या दऱ्या बुडाल्या आणि भरतीचं पाणी आत खोलवर शिरायला लागलं. त्यामुळे समोरच्या काठावरचं देऊळ, घरं, वाळत घातलेली जाळी सगळं स्वच्छ दिसतं, आणि रस्त्याने तिथे जायचं तर सगळ्या खाडीला वळसा घालावा लागतो. नाहीतर धक्क्यावर थांबायचं आणि फेरीबोटीत गाडी चढवायची. आगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेसवी, दाभोळ ते धोपावे, तवसाळ ते जयगड. मी आजवर वळसा एकदाही घेतलेला नाही.

दाभोळच्या धक्क्यावर माझा जीव सर्वांत जास्त रमतो. बहामनी राजवटीपासूनचं नावाजलेलं हे बंदर. किनाऱ्यालगतच्या जुन्या मशिदीचा घुमट पाण्यावरूनही दिसत राहतो. बोट पलीकडे असली की रांगेत गाडी लावायची, इंजिन बंद करायचं, खाली उतरायचं. ओहोटी असेल तर धक्क्याचा शेवाळलेला उतार उघडा पडलेला असतो, त्यावर चिखलाच्या रेघा आणि फटीफटीतून तुरुतुरु पळणारे खेकडे. बोट जवळ आली की पुढचा लोखंडी दरवाजा साखळ्यांच्या खणखणाटात खाली येतो आणि काँक्रीटवर घासत टेकतो. आधी माणसं उतरतात, मग दुचाक्या, मग गाड्या. खलाशी बोटांनी ‘अजून, अजून’ म्हणतो आणि पुढच्या गाडीशी वीतभर अंतर राहिलं की तळहात उभा करतो. त्या तळहातावर भरवसा ठेवायचा.

खाली वाहणारी ती वाशिष्ठी. तिच्यात कोयनेचं पाणी मिसळलेलं आहे, हे मला प्रत्येक वेळी आठवतं. जे पाणी कृष्णेच्या संगतीने बंगालच्या उपसागराला जायचं, ते सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांतून पोफळीच्या वीजघरात उतरतं, वीज देतं आणि इकडे अरबी समुद्राच्या वाटेला लागतं. कठड्याला टेकून ते पाणी पाहताना वाटतं, साताऱ्याकडचा पाऊस इथे माझ्या पायाखालून चालला आहे.

“एकटीच आलीस गं बाय?” रिकामी पाटी घेऊन परतणारी एक मावशी विचारते. हो म्हटल्यावर पुढचा प्रश्न, “मग जेवलीस कुठे?” त्यात चौकशी नसते, काळजी असते. मग पलीकडे उतरल्यावर कोणत्या घरी आधी सांगितलं तर ताट मिळतं, आज बाजारात कोणती मासळी होती, पुढचा रस्ता कुठे उखडला आहे, हे सगळं पाणी ओलांडेपर्यंत कळतं. दोघंतिघं बरोबर असली की गाडीतलं बोलणं गाडीतच राहतं. एकटीने निघालं की काच खाली राहते. कोकणच्या किनाऱ्यावर एकटीने जाण्यात मला एकांत फार मिळाला नाही, माणसंच मिळाली.

एकांत भेटला तो सड्यावर. पावस, पूर्णगड, गावखडी करत कशेळीला आले की वाट विचारत कातळशिल्पापाशी जाता येतं. सपाट जांभ्यावर हत्तीची भली मोठी आकृती कोरलेली आहे, साधारण 18 मीटर लांब. उभ्याने ती एका नजरेत मावत नाही. आधी नुसत्या रेघा दिसतात. मग एका रेघेच्या कडेकडेने चालत राहावं, वळण यावं, आणि ही सोंड आहे हे पायांना आधी कळावं. हत्तीच्या अंगात आणखी प्राणी आहेत, जमिनीवरचे आणि पाण्यातलेही. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सोबत्यांनी सडे तुडवत, गुराख्यांना आणि गावकऱ्यांना विचारत अशी कितीतरी शिल्पं उजेडात आणली. 2022 मध्ये कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. हजारो वर्षांपूर्वी याच वाऱ्यात कुणीतरी वाकून हा दगड टोचत बसलं होतं, आणि त्याला हत्तीही ठाऊक होता, मासाही. मी तिथे सावल्या लांबेपर्यंत बसले. चल म्हणणारं कुणी नव्हतं.

आता खाड्यांवर मोठे पूल होणार आहेत. ते व्हायलाच हवेत. रात्री शेवटची बोट गेल्यावर कुणाच्या छातीत कळ आली किंवा बाळंतपण अडलं, तर काठावर हात चोळत बसायची वेळ माणसावर येऊ नये. माझ्यासारखी चार दिवस हिंडायला येणारी बाई धक्क्यावर रमते म्हणून तिथल्या माणसांनी अडून राहावं, असं मला कधीच वाटणार नाही. एवढंच वाटतं, की पूल खाडीच्या बाजूच्या डोंगराला जोडला जाईल आणि धक्का गावाच्या काळजात आहे. पाटी घेऊन पायी जाणारीला पूल लांबच पडेल. तिच्यासाठी एखादी लाँच चालू ठेवावी. आणि पुलावर गाड्यांच्या कडेने चालायला, कठड्याला टेकून खाली बघायला, शेजारी उभ्या असलेल्या माणसाशी दोन शब्द बोलायला पुरेल एवढी रुंद जागा बांधणाऱ्यांनी आजच नकाशात धरावी.