गाडी भाड्याची, वाट नगरची

अमेरिकेत गेलेल्या कुठल्याही मराठी पोराचे फोटो बघा. आधी बर्फातले, आणि पहिल्याच लाँग वीकेंडला भाड्याच्या गाडीतले! काउंटरवर लायसन्स आणि क्रेडिट कार्ड दाखवायचं, किल्ली घ्यायची आणि कॅलिफोर्निया नाहीतर अ‍ॅरिझोना पालथं घालायचं. आपल्याकडचं गणित वेगळं. फिरायचं तर आधी स्वतःची गाडी हवी, गाडी हवी तर ईएमआय हवा, आणि ईएमआय सुरू झाला की फिरायला पैसे उरत नाहीत!

वाघोलीत हे घरोघर दिसतं. नोकरी खराडीच्या आयटी पार्कात, टू बीएचके वाघोलीत. गाडी सोमवार ते शुक्रवार पार्किंगमध्ये धूळ खात उभी, कारण केसनंद फाट्याच्या कोंडीत रोज गाडी घालायची हौस कुणाला? शनिवारी ती एकदाची बाहेर पडते आणि कुठं जाते? लोणावळ्याला! म्हणजे अख्खं पुणं ओलांडायचं, एक्स्प्रेसवेवर रांग लावायची आणि टायगर पॉइंटला पुन्हा अख्ख्या पुण्याला भेटून परत यायचं.

म्हणून दोन साधे फंडे. एक, गाडी भाड्यानं घ्या. दोन, शहराकडं पाठ करा आणि नगरच्या दिशेनं निघा. आम्ही चौघांनी डिसेंबरात हेच केलं. चौघांकडं लायसन्स, एकाकडंही गाडी नाही. वाघोली, शिरूर, निघोज, राळेगणसिद्धी, नगर, हिवरे बाजार, आळेफाटा, नारायणगाव, चाकण आणि परत वाघोली. दोन दिवस, साडेतीनशेच्या आसपास किलोमीटर. भाडं, पेट्रोल, टोल, सगळ्याचे चार भाग.

आधी किल्ली

स्वतः चालवायची भाड्याची गाडी ओळखायची तिच्या नंबरप्लेटवरून. टॅक्सीची प्लेट पिवळी आणि अक्षरं काळी. सेल्फ ड्राइव्हची उलट, म्हणजे काळ्यावर पिवळी. हा धंदा १९८९ च्या 'रेंट अ कॅब' योजनेखाली चालतो. कुणी ओळखीतून पांढऱ्या प्लेटची खासगी गाडी 'दोन दिवसांसाठी घेऊन जा' म्हणत भाड्यानं देत असेल, तर नम्रपणे नाही म्हणा. खासगी नोंदणीची गाडी भाड्यानं देणं कायद्यात बसत नाही आणि अपघात झालाच तर विम्याचा दावा अडकू शकतो. मग स्वस्तात मिळालेली गाडी फार महागात पडते.

बाकी गोष्टी साध्या आहेत. किल्ली हातात घेण्याआधी गाडीभोवती एक चक्कर मारून मोबाइलवर व्हिडिओ काढा. प्रत्येक ओरखडा, टायर, काचा, डिकीतली स्टेपनी, डॅशबोर्डवरचा पेट्रोलचा काटा आणि किलोमीटरचा आकडा, सगळं त्यात आलं पाहिजे. किलोमीटरची मर्यादा किती, ती ओलांडली तर जादा दर काय, डिपॉझिट किती दिवसांत परत, हे आधीच विचारून घ्या. फास्टॅगमध्ये पैसे आहेत का तेही बघा. २०२१ च्या फेब्रुवारीपासून तो सक्तीचा आहे आणि नसला तर टोल जादा. जो चालवणार त्याचं नाव बुकिंगवर हवं. 'जरा मला दे ना' म्हणणाऱ्या मित्राचं नाव नसेल तर त्यानं मागच्या सीटवर बसून गाणी लावावीत!

शनिवार: पाणी असलेला पट्टा

सहाच्या आत निघायचं. सात वाजले की नगर रोडवर कंटेनर, डंपर आणि कंपन्यांच्या बसचं राज्य सुरू होतं.

जाता जाता आपल्याच गावाकडं एक नजर टाका. वाघोली म्हणजे फक्त टॉवर नव्हेत. रस्त्यालगतचं वाघेश्वराचं देऊळ आणि त्याच्या शेजारचा तलाव आपण रोज सिग्नलला बघतो न बघतो. सरदार पिलाजी जाधवरावांचं हे गाव. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर तिथल्या मुलांना शिक्षणासाठी भारतीय जैन संघटनेनं आणलं तेही इथंच. थोडक्यात, बाहेरून आलेल्यांना सामावून घ्यायची या गावाला जुनी सवय आहे. ३० जून २०२१ ला गाव पुणे महापालिकेत गेलं. कागदावर आपण शहर झालो.

लोणीकंदच्या पुढं फुलगाव फाट्यावरून आत वळलं की तुळापूर. भीमा, भामा आणि इंद्रायणी इथं एकत्र येतात. काठावर संगमेश्वराचं देऊळ आणि संभाजी महाराजांचं स्मारक. ११ मार्च १६८९ ला त्यांना याच परिसरात मारलं गेलं. पलीकडं वढू बुद्रुकला त्यांची समाधी आहे. सकाळी इथं कमालीची शांतता असते. नदीचं पात्र रुंद, पाणी भरपूर, पण ओंजळीत घेऊन प्यावं असं नाही. वर सगळी औद्योगिक वस्ती आहे ना!

परत हायवेला आलं की पेरण्याचा जयस्तंभ. १ जानेवारी १८१८ च्या कोरेगावच्या लढाईची ही खूण. १९२७ साली १ जानेवारीलाच डॉ. आंबेडकर इथं आले होते. पूल ओलांडून कोरेगाव भीमा, शिक्रापूर, मग रांजणगावचा महागणपती. रस्त्याच्या एका अंगाला अष्टविनायकातलं देऊळ आणि जवळच फ्रिज-टीव्हीचे कारखाने, असा हा मामला. शिरूरला नाश्ता. जुनी माणसं शिरूरला अजून घोडनदीच म्हणतात. घोड नदी ओलांडली की जिल्हा बदलतो. अहमदनगरचं २०२४ मध्ये अहिल्यानगर झालं, पण एसटीतल्या बोलण्यात अजून नगरच आहे.

इथून हवाही बदलते. घाटावरून आलेले ढग पुण्यापर्यंत बरेच रिकामे होतात आणि पुढं पूर्वेला त्यांच्याकडं द्यायला फारसं उरत नाही. हे शाळेत भूगोलात वाचलेलं असतं. गाडीच्या काचेतून ते तासाभरात दिसतं. ऊस विरळ होतो, माळ वाढतो आणि सुप्याच्या पठारावर पवनचक्क्या दिसायला लागतात.

त्याआधी निघोजला वळायचं. कुकडीच्या पात्रातले रांजणखळगे म्हणजे सॉलिड प्रकार! पावसाळ्यात पाण्याच्या भोवऱ्यात सापडलेले दगडगोटे काळ्या खडकात गरगर फिरत राहतात. असं हजारो वर्षं झालं आणि खडकात रांजणाएवढे, विहिरीएवढे खड्डे पडले. एका काठावर पुणे जिल्हा, दुसऱ्या काठावर नगर जिल्हा आणि मध्ये ही दगडातली नक्षी. काठावर मळगंगादेवीचं देऊळ आहे. आमच्यातला फोटोग्राफर अगदी कडेला सरकला तशी नारळ विकणारी मावशी ओरडली, "दादा, मागं या. कडा खालून पोकळ असतीया." सेल्फी लांबूनच काढा. मावशींचं ऐका.

निघोजहून आतल्या रस्त्यानं राळेगणसिद्धी. लष्करातून १९७५ मध्ये परतलेल्या अण्णा हजारेंनी इथं आधी यादवबाबांचं देऊळ दुरुस्त केलं आणि मग गावाला पाण्याच्या कामाला लावलं. नाल्यावर बांध, पाझर तलाव, झाडं. दिल्लीतलं २०११ चं आंदोलन टीव्हीवर बघितलेल्या आपल्या पिढीला अण्णा टोपीमुळं माहीत आहेत. इथं आलं की त्यांच्या आधीच्या कामाचे बांध दिसतात.

मुक्काम नगरला. जेवणात ज्वारीची भाकरी आणि हुलग्याचं शेंगोळं मिळालं तर सोडू नका. दुपार-संध्याकाळ मोकळी असेल तर रणगाडा संग्रहालय बघा, १९९४ पासूनचं आहे. किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे. नेहरूंना १९४२ ते १९४५ इथं ठेवलं होतं आणि 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' त्यांनी इथंच लिहिलं. मला मात्र सगळ्यात आवडला तो फराहबाग. निजामशाहीतला, सोळाव्या शतकातला हा महाल एका भल्यामोठ्या हौदाच्या मधोमध बांधलेला. बाहेरून नहरीनं, खापरी नळांनी पाणी आणून नगर वसवलं होतं. एवढ्या कमी पावसाच्या गावात! आज हौद कोरडा आहे. त्यात उभं राहून वर बघितलं की आपण किती खोल पाण्यात असतो ते कळतं.

रविवार: पाणी मोजणारं गाव

सकाळी कल्याण रोडनं सतरा-एक किलोमीटरवर हिवरे बाजार. इथं धबधबा नाही, किल्ला नाही, मिसळीचं फेमस हॉटेल नाही. मग कशाला जायचं? तर आपल्या सोसायटीच्या गेटवरच्या टँकरसाठी!

वाघोलीत राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको. मेंटेनन्सच्या बिलात टँकरचा एक आकडा असतो. उन्हाळ्यात तो फुगतो, मीटिंगमध्ये त्यावरून भांडणं होतात आणि पाऊस पडला की सगळे विसरतात. पुण्यात वर्षाला सरासरी सातशे मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. हिवरे बाजारला साधारण चारशे. तरी टँकर आपल्याकडं येतो, त्यांच्याकडं नाही. का?

हिवरे बाजारही एकेकाळी दुष्काळानं पिचलेलं, कामासाठी बाहेर पडणाऱ्यांचं गाव होतं. १९८९ साली एम. कॉम. झालेले पोपटराव पवार सरपंच झाले. गावानं स्वतःवर बंधनं घालून घेतली. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी आणि श्रमदान. डोंगराला समतल चर खणले, झाडं लावली, पाणी जिरवलं. पण पाणी जिरवणं हा अर्धाच भाग. दुसरा अर्धा जास्त अवघड. शेतीसाठी बोअरवेल घ्यायची नाही. ऊस, केळी अशी पाणीखाऊ पिकं घ्यायची नाहीत. दरवर्षी पावसाळा संपला की किती पाऊस पडला, विहिरींना किती पाणी आहे ते मोजायचं. मग ग्रामसभेत त्याचा ताळेबंद मांडायचा. आधी माणसांचं आणि जनावरांचं पिण्याचं पाणी बाजूला काढायचं आणि उरलेल्यात कुठलं पीक परवडतं ते ठरवायचं. पाऊस कमी, तर पीक कमी. शहरात गेलेली कुटुंबं या गावात परत आली. पोपटरावांना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

आम्ही गेलो तेव्हा रस्ते स्वच्छ, डोंगर गवतानं भरलेला, गोठ्यात गाई. फोटो काढावा असं खास काहीच नाही. आमच्यातला एक जण फायनान्समधला. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आपण कंपनीचं बजेट दर क्वार्टरला करतो. सोसायटीच्या पाण्याचं कधी केलंय?"

गाडीतच कॅल्क्युलेटर काढला. समजा गच्ची हजार चौरस मीटर आणि पाऊस सातशे मिलिमीटर. म्हणजे सात लाख लिटर पाणी एका गच्चीवर पडतं. दहा हजार लिटरचे सत्तर टँकर! थोडं वाया जाणार हे धरलं तरी पन्नासेक टँकर कुठं गेले नाहीत. हे पाणी सध्या पाइपातून खाली उतरून नगर रोडवर वाहतं आणि जुलैत आपण त्याच पाण्यातून बाइक ढकलत घरी येतो.

पुढचा प्रवास मग याच गप्पांत. आळेफाट्याच्या अलीकडं बोरी बुद्रुकला पुन्हा कुकडी भेटते. तिच्या काठावर ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे. ही राख सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वी इंडोनेशियातल्या टोबा ज्वालामुखीतून उडून आली, असं अनेक अभ्यासक मानतात. नारायणगावाजवळ खोडदला जीएमआरटी दुर्बिणीच्या पांढऱ्या तबकड्या. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या एकूण ३० तबकड्या, पंचवीसेक किलोमीटरच्या पट्ट्यात पसरलेल्या. आत जायचं तर आधी परवानगी काढा, लांबून बघायला ती लागत नाही. जेवायला नारायणगावची मासवडी, रश्शासकट. त्यानंतर ड्रायव्हर बदला. रस्सा ओरपलेल्याला स्टिअरिंग देऊ नका!

मंचर, राजगुरुनगर करत चाकण आणि तिथून शिक्रापूर. हा शेवटचा टप्पा ट्रकच्या रांगांचा. गाडी परत द्यायची वेळ आणि घरी पोचायची वेळ यांत दोन तास मोकळे ठेवा, नाहीतर उशिराचा दंड ठरलेला. पेट्रोल घेतलं तेवढं भरा, पुन्हा व्हिडिओ काढा, डिकी तपासा आणि किल्ली देऊन मोकळे व्हा. सर्व्हिसिंग नाही, इन्शुरन्स नाही, पार्किंगवरून वॉचमनकाकांशी वाद नाही.

आम्ही मात्र एक काम घेऊन परतलो. सोसायटीच्या पुढच्या मीटिंगमध्ये तीन प्रश्न विचारले. आपल्या बोअर किती आणि किती खोल? गच्चीचे पाइप कुठं जातात? गेल्या वर्षी टँकर किती आले? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं कुणाकडंच नव्हती, तिसऱ्याचं अकाउंटंटकडं होतं. आता प्लंबरला बोलावलंय. गच्चीचे दोन पाइप बोअरशेजारच्या शोषखड्ड्याकडं वळवायला किती खर्च येतो, त्याचं कोटेशन येणार आहे. आकडा कळला की टँकरच्या आकड्याशेजारी लिहून लिफ्टमध्ये लावू.