कोंडा

चाळणीत शेवटी उरतो तो कोंडा. तांबूस, खरखरीत, वजनाला जवळजवळ काहीच नाही. मुठीत धरला तर बोटांच्या फटींतून सांडतो, फुंकर लागली की ओटाभर पसरतो. गव्हाच्या दाण्यात वजनाने साधारण सातवा हिस्सा याचा. दाणा शेतात असतो तेव्हा ऊन, पाऊस, कीड हाच अंगावर घेतो, आणि दळण घरी आलं की सगळ्यांत आधी हाच बाजूला काढला जातो.

पुनावळ्यात पूर्वी बाजूला काढलेल्या कोंड्यालाही ठिकाण होतं. पवनेकाठचं शेतीचं गाव, घरोघरी गोठे. चाळलेला कोंडा आंबोणात जायचा आणि दुधाच्या रूपाने घरात परत यायचा. आता गोठ्यांच्या जागी पार्किंग आहे आणि वर वीस-वीस मजले. कोंडा ओल्या कचऱ्याच्या बादलीत पडतो. कमाल अशी की त्याच इमारतीखालच्या दुकानात तो पाकिटात भरून, चांगल्या किमतीला विकायलाही ठेवलेला असतो.

गिरणीत उभं राहिलं की हे रोज ऐकू येतं. "काकू, जाड ठेवू की बारीक?" "बारीकच दे रे बाबा, डब्याच्या पोळ्या आहेत." त्या काकूंचं चुकत नाही. घरातला माणूस चाकणच्या कंपनीत फर्स्ट शिफ्टला निघतो, पहाटे अंधारातच बस पकडतो. तेव्हा केलेली पोळी जेवणाच्या सुट्टीपर्यंत मऊ राहायला हवी. कोंडा असलेली पोळी लवकर वातड होते, हे खरं आहे. म्हणून घरी आल्यावर पीठ आणखी एकदा बारीक चाळणीतून काढतात, आणि दळणातला सगळ्यांत कामाचा सोबती तिथेच गळतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली भारतीय अन्नाचे तक्ते काढले. त्यांत शंभर ग्रॅम कणकेत तंतू ११ ग्रॅमच्या वर आहेत आणि मैद्यात तीन ग्रॅमही नाहीत. या दोन आकड्यांमध्ये जो हरवला, तो मुख्यतः हाच.

त्याचा स्वभाव इतर अन्नापेक्षा वेगळा. पिष्ट, प्रथिनं, चरबी लहान आतड्यात विरघळतात, रक्तात शिरतात, अंगाचा भाग होतात. कोंड्याला अंगाचा भाग व्हायचं नसतं. तो आत येतो, पाणी धरून फुगतो, आतड्याच्या अस्तराला हलकेच घासत पुढे सरकतो. त्या घासण्याने अस्तरातून पाणी आणि बुळबुळीत स्राव सुटतो, मळ मऊ आणि भरीव होतो, आतडं त्याला सहज पुढे ढकलतं. याचसाठी जाड कोंड्याचा गुण जास्त; पार बारीक दळला की त्याची ही कला बरीचशी जाते. मोठ्या आतड्यातले जिवाणू त्याचा थोडासा भाग आंबवतात, आणि त्यातून निघालेल्या आम्लांवर आतड्याच्या पेशी पोसल्या जातात. उरलेला कोंडा बाहेर पडतो. आल्याची खूण मागे न ठेवता जाणं, हेच त्याचं काम.

त्याची बाजू जगापुढे मांडली ती डेनिस बर्किट या आयरिश शल्यचिकित्सकाने. अनेक वर्षं युगांडात काम केलेल्या या माणसाने सहकाऱ्यांसह १९७२ साली 'लॅन्सेट'मध्ये निबंध लिहिला. भरड धान्य, कंद, शेंगा खाणाऱ्या युगांडाच्या खेडुतांच्या पोटातून अन्न साधारण दीड दिवसात बाहेर पडत होतं. पांढरा पाव खाणाऱ्या ब्रिटनच्या नौसैनिकांना त्यासाठी तीन दिवसांहून जास्त लागत होते. मळाचं वजनही खेडुतांकडे चौपटीहून अधिक. बर्किटने यावरून जोडलेले काही रोगांचे धागे पुढे सैल पडले, पण मूळ निरीक्षण टिकलं. हा प्रयोग घरीही होतो. पावसाळ्यात मक्याचं कणीस खाल्लं की दाण्यांची सालं कधी दिसतात ते पाहावं. एक ते दोन दिवसांत दिसली तर वाहतूक ठीक आहे.

एवढ्या मोकळेपणाने बोलायची आपल्याला सवय नाही, आणि नुकसान तिथेच होतं. 'रोज सकाळी झालंच पाहिजे' या धाकात कित्येक जण विनाकारण चूर्णं घेतात. दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा, या पट्ट्यात कुठेही तुमची रीत असू शकते. पाहायचं ते वेगळं: कुंथावं लागतं का, झाल्यावर मोकळं वाटतं का, आकार कसा आहे. ब्रिस्टलच्या डॉक्टरांनी मळाचे सात प्रकार चित्रांत मांडले. पहिला म्हणजे लेंड्यांसारखे सुटे खडे, सातवा निव्वळ पाणी. तिसरा आणि चौथा, म्हणजे सलग, मऊ आणि आकार धरून असलेला, हे तब्येत बरी असल्याचं लक्षण.

कोंड्याला या कारखान्यांच्या पट्ट्यात खरा अडथळा शिफ्टचा आहे, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं. झोपेत मोठं आतडं शांत असतं; उठल्यावर आणि पहिला घास पोटात गेल्यावर ते जोराने हालतं. नेमक्या त्याच वेळी फर्स्ट शिफ्टचा माणूस बसमध्ये असतो, हिंजवडीला निघालेला पुनावळ्याच्या भुयारी मार्गाच्या कोंडीत असतो. लाइनवर पोहोचलं की रिलिव्हर आल्याशिवाय जागा सोडता येत नाही. आलेली कळ परतवली की आतडं मळातलं पाणी शोषत राहतं, खडा होतो, आणि रोज परतवलेली कळ पुढे जाणवेनाशी होते. पुढच्या आठवड्यात सेकंड, मग नाईट. आतड्याने कुठलं घड्याळ धरायचं? कितीही कोंडा खाल्ला तरी कळ आल्यावरची पंधरा मिनिटं त्याला कुणीतरी द्यायलाच हवीत. ज्यांच्या हातात शिफ्टचा तक्ता आहे, त्यांनी याचा विचार करावा असं मला फार वाटतं. घरात एक सोय लगेच होते: फ्लॅटमधल्या कमोडसमोर पाट ठेवून त्यावर पाय घ्यायचे. गुडघे वर आले की वाट सरळ होते, कमी कुंथावं लागतं.

कोंड्याचे स्वतःचेही नियम आहेत. पाणी नसेल तर तो आतच बसून राहतो, पोट फुगवतो. एकदम भरपूर घेतला तर गुडगुड, वायू. चमचाभर, मग काही दिवसांनी आणखी थोडा, असाच तो रुळतो. आतडं हळवं असलेल्यांना तो सोसत नाही. त्यांना इसबगोल बरा, तोही बियांचा भुसाच, पण वृत्तीने मऊ. गव्हाचं वावडं असणाऱ्यांनी त्याच्या वाटेला जाऊच नये. त्यांच्यासाठी ज्वारी, बाजरी, मूग-मटकी, पेरू आहेत. आणि मळात रक्त दिसलं, मळ काळाकुट्ट झाला, वजन आपोआप उतरलं किंवा पन्नाशीनंतर सवय अचानक बदलली, तर कोंड्याकडे उत्तर नाही. रक्त म्हणजे मूळव्याधच, असं धरून खांबावरच्या जाहिरातीतल्या नंबरावर फोन करण्याआधी पिंपरीच्या यशवंतराव चव्हाण रुग्णालयात किंवा आपल्या डॉक्टरकडे जाऊन तपासून घ्यावं.

पोळीचा प्रश्न मात्र सुटतो. पीठ चाळायचंच नाही, कणीक जरा सैल भिजवून अर्धा तास झाकून ठेवायची. तेवढ्यात कोंडा पाणी पितो, पोळी मऊ राहते. मग गिरणीत जरा जाड मागितलं तरी चालतं. घरची चाळणी रव्यातले खडे पाहायला वापरावी.