कोणता बॅज घेऊ, बाई?

मुंबईहून डहाणूकडे जाणारी लोकल कधी पकडलीत, तर पालघर मागं पडल्यावर उमरोळी लागतं आणि त्यानंतर बोईसर. २०१३ सालापर्यंत लोकल विरारच्या पुढं येतच नव्हती, आता येते. बोईसरला गाडी थांबली की डबे भराभर रिकामे होतात. उतरणाऱ्यांचा लोंढा पश्चिमेला वळतो, कारण बाजार तिकडे आणि तारापूरची औद्योगिक वसाहतही तिकडेच. देशातलं पहिलं अणुवीज केंद्रसुद्धा त्याच बाजूला, समुद्राकाठी, १९६९ पासूनचं. आपल्याला मात्र तिकडे जायचं नाही. आपण रेल्वे ओलांडून पूर्वेला, चिल्हार फाट्याच्या रस्त्याला लागायचं. थोडं पुढं गेलं की बेटेगाव.

‘काय आहे हो तिथं पाहण्यासारखं?’ असं पाहुणे विचारतात. किल्ला नाही, धबधबा नाही. रस्त्यावर ट्रक आणि रिक्षांची ही गर्दी! पण रस्ता सोडून जरा आत शिरलात, की भाताची खाचरं, ताडाची झाडं आणि आदिवासी पाडे. मधेमधे भाड्याच्या खोल्यांच्या चाळी. कारखान्यांत कामाला आलेली उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशाकडची कुटुंबं त्यात राहतात. आता तर बोईसरच्या पूर्वेला बुलेट ट्रेनचंही काम चाललंय. त्यामुळे एकाच वर्गात एकीच्या घरी वारली बोलतात, दुसरीच्या घरी भोजपुरी, तिसरीच्या घरी उडिया. पुस्तकातल्यासारखी मराठी बोलणारी एखादीच! मी इथं प्राथमिक शाळेत शिकवते आणि शनिवारी शाळा सुटल्यावर मुलींचं बुलबुल पथक घेते. मला तरी बेटेगावात पाहण्यासारखं पुष्कळ दिसतं.

बुलबुल म्हणजे काय, ते शाळेत पथक नसलेल्यांसाठी सांगते. स्काउटची चळवळ बेडन पॉवेल यांनी १९०७ साली इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर वीस मुलांचं शिबिर घेऊन सुरू केली. फक्त मुलांसाठी, बरं का! पण १९०९ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला स्काउटांचा मेळावा भरला, तेव्हा काही मुली गणवेश घालून तिथं हजर झाल्या आणि आम्हालाही घ्या म्हणाल्या. त्यातून १९१० साली गाइड निघालं. मग त्यांच्या धाकट्या बहिणी हट्ट धरून बसल्या. त्यांच्यासाठी १९१४ साली ‘रोजबड’, म्हणजे गुलाबकळ्या, असं पथक निघालं. मुलींना ते नाव मुळीच आवडलं नाही. शेवटी वर्षभरात ते बदलून ‘ब्राउनी’ करावं लागलं. आपल्याकडे याच वयाच्या, दहा वर्षांपर्यंतच्या मुलींना बुलबुल म्हणतात. भारत स्काउट्स आणि गाइड्स ही आपली संस्था ७ नोव्हेंबर १९५० ची. बुलबुल मुली कोमल पंखापासून हीरक पंखापर्यंत एकेक पायरी चढत जातात आणि वाटेत निरनिराळ्या कामांचे बॅज मिळवतात. खरा बुलबुल पक्षी कुंपणाच्या झुडपात वाटीएवढं घरटं बांधतो आणि त्याच्या शेपटीखाली लाल ठिपका असतो. तो बघायला मात्र पथकात यावं लागत नाही.

तर दरवर्षी जून-जुलैत प्रश्न येतो, ‘बाई, कोणता बॅज घेऊ?’ मोठी माणसं चटकन सुचवतात, ‘स्वयंपाकाचा द्या, मुलींना आवडतो.’ आवडतो का? चौथीतली एक मुलगी पहाटे उठून चूल पेटवते, भाकऱ्या थापते, धाकट्या भावाची आंघोळ उरकते आणि मग शाळेत येते. तिला शनिवारी परत कणकेत हात घालायला लावायचं आणि वर विचारायचं, ‘काय गं, मजा आली ना?’ तिच्या शेजारी बसणारीनं घरी गॅसचं बटणसुद्धा फिरवलेलं नाही. तिला पहिली वेडीवाकडी पोळी म्हणजे केवढी गंमत! ज्या कामात एकीचा खेळ होतो, तेच काम दुसरीच्या रोजच्या खांद्यावर असतं.

म्हणून आमच्या पथकात बॅज निवडण्याआधी एक प्रश्न ठरलेला आहे: ‘हे तू घरी रोज करतेस का?’ उत्तर ‘हो’ असेल, तर त्या मुलीची चाचणी लगेच घ्यायची. भाकरी चांगली होते ना? मग तिला बॅजसाठी पुढं करायचं आणि त्या कामातून मोकळं करायचं. येत असलेल्या गोष्टीचं श्रेय तिला मिळालंच पाहिजे. पण मजेसाठी तिनं दुसरं काही निवडायचं, आणि ते तिनंच निवडायचं.

त्या चौथीतल्या मुलीनं सायकल निवडली. नुसती चालवायची नाही, पंक्चरही काढायचं! टायर उचकटून ट्यूब बाहेर काढायची, हवा भरून पाण्याच्या घमेल्यात बुडवायची. बुडबुडे येतात तिथं भोक. ती जागा पुसून पॉलिश पेपरनं घासायची, सोल्युशन लावायचं आणि थांबायचं. हे थांबणंच अवघड. ओल्या सोल्युशनवर ठिगळ चिकटवलं तर ते हमखास सुटतं. पहिल्या दोन वेळा सुटलंच. तिसऱ्यांदा घमेल्यात एकही बुडबुडा आला नाही, तेव्हा ती अशी ओरडली की शेजारच्या चाळीतल्या बायका बाहेर आल्या. तिचे वडील म्हणाले, ‘पोरीला हे कशाला, बाई?’ मी म्हटलं, ‘दादा, हायस्कूल लांब आहे. सातवीनंतर कितीतरी मुलींची शाळा सुटते ती या अंतरापायीच. सायकल वाटेत बसली तर हिनं कुणाची वाट बघायची?’ ते काही बोलले नाहीत. पुढच्या शनिवारी मात्र घरातली जुनी सायकल घेऊन तेच आले, दुरुस्तीला!

स्वयंपाक आम्ही अगदीच टाकून दिलेला नाही. विस्तवाशिवायचा ठेवला. उन्हाळ्यात तुमच्या घरी गार काय पितात, ते करून दाखवा, असं सांगितलं. पाड्यावरच्या मुलींनी नाचणीची आंबील घरून आणली, बिहारकडच्या मुलीनं सत्तूत मीठ-लिंबू घालून घोळ केला, ओडिशाकडच्या मुलीनं पाण्यात भिजवलेला भात, पखाळ, आणला. एरवी वर्गात तोंड न उघडणारी ही मुलगी त्या दिवशी कांदा कसा ठेचायचा ते इतरांना दटावून सांगत होती.

आता संग्रहाचं बघा. शहरात तिकिटं, नाणी, काड्यापेट्यांची चित्रं जमवतात. इथं काय जमवायचं? पावसाच्या सुरुवातीला रानात जा. शेवळं, टाकळा, कुर्डू, करटोली. आमच्या मुलींनी पानं वहीत दाबून खाली नावं लिहिली. पुस्तकातलं नाव, आजीच्या तोंडचं नाव आणि भाजी कशी करतात ते. शेवळं नुसती शिजवली तर घसा खाजतो. म्हणून त्यात काकडं नावाची आंबट फळं घालतात. हे मी डी.एड.ला शिकले नव्हते. एका मुलीच्या आजीनं शाळेच्या पायरीवर बसून सांगितलं. त्या दिवशी बाई ती आणि वही माझ्या हातात. एक नियम मात्र कडक आहे, तुम्हीही पाळा. जाणत्या माणसानं ओळखून दिल्याशिवाय रानातलं काही तोंडात घालायचं नाही.

चित्रकलेचा बॅज सगळ्यांनाच हवा असतो, आणि पाहुण्यांना वाटतं की इथं वारली चित्रंच काढायची. काढावीत की! डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा माशे यांनी ही चित्रं जगभर नेली. त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, २०१८ साली ते गेले. पण त्यांच्या आधी पिढ्यान्‌पिढ्या ही चित्रं घरातल्या बायकाच काढत आल्या. गेरूनं सारवलेल्या भिंतीवर, तांदळाच्या पिठानं, बांबूच्या काडीचं टोक चावून केलेल्या कुंचल्यानं. लग्नातला देवीचा चौक हा त्यांच्या पूजेचा भाग असतो, तो बॅजसाठी गिरवायचा नाही, असं आम्ही ठरवलं. त्याऐवजी मुलींनी त्याच त्रिकोणी माणसांतून आपलं बेटेगाव काढलं. रांगेत उभे ट्रक, पाण्याचा टँकर, भात लावणाऱ्या बायका आणि एका कोपऱ्यात चष्मा घातलेला त्रिकोण. तो कोण, ते मी विचारलं नाही.

प्रथमोपचाराला मुली आधी नाकं मुरडतात, कारण नुसत्या पट्ट्या बांधायचा कंटाळा येतो. म्हणून आम्ही त्याचं नाटक करतो. शेतात साप चावला तर काय? एक पडते, बाकीच्या धावतात. जखम कापायची नाही, चोखायची नाही, करकचून दोरी बांधायची नाही. पाय हलू द्यायचा नाही, धीर द्यायचा, मोठ्यांना हाक मारायची आणि १०८ ला फोन करून दवाखान्यात न्यायचं. २०१८ च्या नोव्हेंबरपासून डहाणू-तलासरीकडे भूकंपाचे धक्के बसू लागले, तेव्हापासून टेबलाखाली शिरण्याचाही सराव असतो. तो खेळ सगळ्यांत आवडता, हे काय सांगायला हवं!

आणि एक खेळ खास आमचा, कारण आमच्या शेजारी रसायनांचे कारखाने आहेत. त्याला मुली ‘वारा-वारा’ म्हणतात. काठीला लोकरीचा धागा बांधायचा आणि वारा कुठून कुठं वाहतोय ते ओळखायचं. मग मी ओरडते, ‘वास आला!’ वाऱ्याबरोबर पळत सुटलेल्या बाद. कारण वासही त्याच दिशेनं मागोमाग येतो. वाऱ्याला आडवं, बाजूला जायचं, नाकावर ओला रुमाल धरायचा, धाकट्याचा हात सोडायचा नाही. दुसरीतली एक चिमुरडी आता घरी रोज संध्याकाळी धागा बघून आईला वारा सांगते.

हे सगळं छापील यादीत जसंच्या तसं सापडत नाही. यादीत ‘संग्रह’ असतं, ‘चित्रकला’ असतं. त्यात काय भरायचं ते गावानं आणि मुलींनी ठरवायचं. आमच्याच जिल्ह्यात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आधी बोर्डीला आणि मग कोसबाडच्या टेकडीवर हेच केलं. शिंपले, बिया, पानं, खडे हेच त्यांचं शिक्षणाचं साहित्य. मुलं शाळेत येईनात, तर अंगणवाडी त्यांच्या अंगणात गेली. गुरं राखणाऱ्यांसाठी कुरणावरच शाळा भरवली. त्यावरूनच आम्हीही एक सवलत ठेवली आहे. ज्या मुलीला भावंड सांभाळावं लागतं, तिनं भावंडासकट पथकात यावं. सध्या तीन भावंडं येतात. त्यातला एक ‘मलाही बॅज पाहिजे’ म्हणून रुसतो.

यंदाची यादी जवळजवळ झाली आहे. सायकलला पाच जणी, बागेला चार, चित्रकलेला नेहमीप्रमाणे झुंबड. दोघींचं अजून ठरत नाही. एकीला वाजवायला शिकायचंय, तेही तारपा! भोपळ्याचं आणि बांबूचं हे लांबलचक वाद्य तिच्या आजोबांकडे आहे. तारपा बाप्येच वाजवतात, असं ते म्हणतात. शनिवारी तिच्याबरोबर मी त्यांच्याकडे जाणार आहे.