दोन अक्षरांचे वतन

१/ पॅसिफिक महासागरात, हवाई आणि ऑस्ट्रेलिया यांच्या साधारण मध्यावर, तुवालू नावाचा देश आहे. नऊ प्रवाळद्वीपे, सारी मिळून जमीन अवघी २६ चौरस किलोमीटर, वस्ती सुमारे दहा हजार. सर्वांत उंच जागाही समुद्रपातळीपासून पाच मीटर वर नाही. या देशात नदी नाही, डोंगर नाही, खाण नाही. तरीही गेली पंचवीस वर्षे हा देश एका मिळकतीचे भाडे घेत आला आहे. ती मिळकत म्हणजे दोन अक्षरे : टी आणि व्ही. इंटरनेटवर ज्या पत्त्यांच्या शेवटी ‘डॉट टीव्ही’ येते, ते सारे पत्ते कागदोपत्री या देशाच्या हद्दीत मोडतात.

२/ तुवालूचे दारिद्र्य जन्मापासूनचे. ब्रिटिश अमदानीत ही बेटे ‘एलिस बेटे’ म्हणून ओळखली जात आणि शेजारच्या गिल्बर्ट बेटांशी त्यांची मोट बांधलेली होती. १९७४ च्या सार्वमतात एलिसवासीयांनी वेगळे होण्याचा कौल दिला. वाटणी कठोर झाली. बानाबा बेटावरील फॉस्फेटच्या उत्पन्नात त्यांना वाटा मिळाला नाही. पदरात पडले ते एक जहाज. १ ऑक्टोबर १९७८ रोजी देश स्वतंत्र झाला. ‘तुवालू’ या शब्दाचा अर्थ ‘एकत्र उभे असलेले आठ’. नववे बेट परंपरेने वस्तीच्या बेटांत गणले जात नसे.

३/ स्वातंत्र्यानंतर उत्पन्न आणायचे कोठून? थोडे खोबरे, परकीय बोटींना दिलेले मासेमारीचे परवाने, संग्राहकांसाठी छापलेली टपाल तिकिटे आणि परदेशी जहाजांवर खलाशी म्हणून राबणाऱ्या तरुणांनी घरी धाडलेले पैसे. १९९० च्या दशकात देशाचा ६८८ हा दूरध्वनी संकेतांकही भाड्याने दिला गेला. त्यावरून परदेशी कंपन्या अश्लील संभाषणाची सेवा चालवीत. चर्चला नेमाने जाणाऱ्या या समाजाला ती कमाई बोचत असे. मात्र त्यातून एक धडा मिळाला होता. ज्याच्याजवळ काही नाही, त्याच्याजवळही जगाच्या नोंदवहीतले स्वतःचे स्थान असते आणि त्याला भाडे मिळू शकते.

४/ त्याच वेळी दुसऱ्या एका नोंदवहीत तुवालूचे नाव आधीच चढलेले होते. देशांच्या नावांना दोन अक्षरी संक्षेप देणारी ‘आयएसओ ३१६६’ ही आंतरराष्ट्रीय यादी १९७४ साली प्रथम प्रसिद्ध झाली. टपाल, व्यापार, नौकानयन यांच्या कागदपत्रांत देशांचा उल्लेख सुटसुटीत व्हावा, एवढाच तिचा हेतू. भारताला आय-एन, फ्रान्सला एफ-आर आणि तुवालूला टी-व्ही. दूरचित्रवाणीला जग याच दोन अक्षरांनी हाक मारते, याचा या वाटपाशी काडीचाही संबंध नव्हता.

५/ इंटरनेटचा उगमकाळ पाहिला, तर तेथे नावांचा बाजार नव्हताच. प्रारंभी जोडलेल्या साऱ्या संगणकांची नावे एकाच फाइलीत असत आणि कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत एलिझाबेथ फाइनलर यांचा चमू ती यादी सांभाळी. संगणक वाढले, यादी अपुरी पडू लागली. १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी जॉन पोस्टेल यांच्या सहकार्याने नावांची नवी रचना मांडली. झाडाच्या फांद्यांप्रमाणे विभागलेली ही रचना म्हणजेच आजची डोमेन-व्यवस्था. १५ मार्च १९८५ रोजी ‘सिम्बॉलिक्स डॉट कॉम’ हे डॉट कॉममधील पहिले नाव नोंदले गेले.

६/ देशांसाठी कोणती अक्षरे वापरायची, हा प्रश्न पोस्टेल यांच्यापुढे आला. देश कोणता आणि देश नव्हे कोणता, हे ठरवण्याच्या भानगडीत त्यांना पडायचे नव्हते. म्हणून त्यांनी तयार असलेली आयएसओची यादी जशीच्या तशी उचलली. १९९४ च्या एका टिपणात त्यांनी आपली भूमिका स्पष्ट केली. ज्याच्याकडे हे नाव सोपवले जाते, तो मालक नव्हे, विश्वस्त आहे. हक्काची आणि मालकीची भाषा येथे गैरलागू आहे, जबाबदारीची आणि सेवेची भाषा योग्य आहे.

७/ मराठी मनाला ही कल्पना परकी वाटू नये. जुन्या काळी वतन मिळे ते चाकरीच्या बदल्यात. पाटलाने गाव सांभाळायचे, कुलकर्ण्याने दप्तर लिहायचे आणि त्यासाठी वतनाचे उत्पन्न खायचे. कालांतराने चाकरी मागे पडे आणि उत्पन्न तेवढे लक्षात राही. वतने गहाण पडत, विकली जात, त्यांच्या वाटण्या होत, त्यांवरून पिढ्यान्‌पिढ्या तंटे चालत. डोमेन नावांचेही तसेच झाले. फरक इतकाच की, वतनाला हे वळण लागायला पिढ्या जाव्या लागल्या. येथे काही वर्षे पुरली.

८/ सप्टेंबर १९९५ पर्यंत डॉट कॉमची नोंदणी विनामूल्य होती. त्या महिन्यापासून नोंदणी सांभाळणारी नेटवर्क सोल्युशन्स ही कंपनी वर्षाला ५० डॉलर आकारू लागली. नावाला दर मिळाला आणि पाठोपाठ बाजार उभा राहिला. चांगली नावे आधी अडवून ठेवायची आणि पुढे गरजवंताला चढ्या भावाने द्यायची, हा एक धंदाच झाला. ‘बिझनेस डॉट कॉम’ हे नाव १९९७ साली दीड लाख डॉलरला विकले गेले. दोनच वर्षांनी त्याच नावाला ७५ लाख डॉलर मिळाले. मधल्या काळात त्या नावात एका अक्षराचीही भर पडलेली नव्हती.

९/ या बाजाराचे एक वैशिष्ट्य ध्यानात घेण्याजोगे आहे. डोमेन नाव ‘विकत घेतले’ असे म्हणण्याची रीत असली, तरी ते कायमचे कोणाचेच होत नाही. ते ठरावीक मुदतीसाठी नोंदवले जाते आणि मुदत सरताच पुन्हा पैसे भरावे लागतात. लाखो डॉलर मोजणाऱ्यालाही नूतनीकरण चुकत नाही. म्हणजे वरवर खरेदी दिसली, तरी हा मुळात खंडाचा व्यवहार आहे. आणि खंडाच्या व्यवहारात सर्वांत भक्कम जागा कोणाची? ज्याच्याकडे अख्ख्या शिवाराचा मक्ता, त्याची.

१०/ १९९६ साली डॉट टीव्ही ही शाखा अस्तित्वात आली आणि तिचे मोल प्रथम ओळखले ते परदेशी व्यापाऱ्यांनी. १९९८ मध्ये टोरोंटोतील एका कंपनीने ५ कोटी डॉलरचा वायदा केला, परंतु पैसे आलेच नाहीत. पुढे २००० साली कॅलिफोर्नियातील ‘आयडियालॅब’ या उद्योगसमूहाने ‘डॉटटीव्ही’ ही कंपनी उभारून करार केला. १२ वर्षांत ५ कोटी डॉलर आणि शिवाय कंपनीत सुमारे पाचव्या हिश्शाची भागीदारी. मराठीत म्हण आहे, नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा. तुवालूच्या हाती कथलाचाही वाळा नव्हता, पण नाव मात्र खरोखर सोन्याचे निघाले.

११/ त्या पैशाचे देशाने काय केले, हे पाहण्यासारखे आहे. स्वतंत्र होऊन दोन दशके उलटली, तरी तुवालू संयुक्त राष्ट्रसंघाचा सदस्य नव्हता. सदस्य व्हायचे तर वर्गणी आली, न्यूयॉर्कमध्ये कचेरी आली, राजदूत आला. हा खर्च झेपणारा नव्हता. डॉट टीव्हीच्या रकमेने ते दार उघडले. ५ सप्टेंबर २००० रोजी तुवालू संघाचा १८९ वा सदस्य झाला. नावाच्या भाड्यातून एका देशाने जगाच्या सभेत आपले आसन मिळवले.

१२/ उरलेल्या पैशातून राजधानी फुनाफुटीत रस्ते डांबरी झाले आणि रस्त्यांवर दिवे लागले. फुनाफुटीची मुख्य भूमी म्हणजे समुद्र आणि खारकच्छ यांच्यामधली एक चिंचोळी पट्टी. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याने बांधलेली धावपट्टी तिच्या बऱ्याच भागावर पसरलेली आहे. विमान नसते तेव्हा संध्याकाळी मुले तिच्यावर खेळतात. अशा जागी रात्री रस्त्यावर दिवा असणे, ही लहान गोष्ट नव्हती.

१३/ परंतु मक्त्याचा व्यवहार मक्तेदारालाच अधिक फळतो. २००२ च्या सुरुवातीस ‘व्हेरिसाइन’ या बड्या कंपनीने डॉटटीव्ही कंपनी विकत घेतली आणि तुवालूचा हिस्साही त्यात गेला. पुढची कमाई वर्षाकाठी ठरावीक रकमेवर आली. ही रक्कम अगदीच तुटपुंजी आहे, अशी जाहीर तक्रार तुवालूच्या अर्थमंत्र्यांनी २०१० साली केली. पुढच्याच वर्षी ‘ट्विच डॉट टीव्ही’ सुरू झाले. इतरांचा खेळ थेट पाहण्याचे हे स्थळ अफाट लोकप्रिय ठरले आणि २०१४ साली ॲमेझॉनने ट्विच ९७ कोटी डॉलरला घेतले. त्या सौद्यात तुवालूला वाटा असण्याचे काही कारणच नव्हते.

१४/ पुढे वाढीव कराराने वर्षाला सुमारे ५० लाख डॉलर येऊ लागले. २०२१ च्या अखेरीस व्यवस्था ‘गोडॅडी’कडे गेली आणि आकडा सुमारे एक कोटीवर पोहोचला. याच्या तुलनेत कॅरिबियन समुद्रातील अँग्विला बेट पाहावे. त्याच्या वाट्याला ए-आय ही अक्षरे आली. अँग्विलाने आपले शिवार ठोक मक्त्याने दिले नाही, नोंदणीचे उत्पन्न थेट सरकारजमा होत राहिले. कृत्रिम बुद्धिमत्तेची लाट आली, तेव्हा २०२३ मध्ये सरकारी उत्पन्नाचा पाचवा हिस्सा एकट्या या दोन अक्षरांतून आला. दैव दोघांनाही सारखेच प्रसन्न झाले होते, करारनामे मात्र वेगळे होते.

१५/ तुवालूवर दोष ठेवणे सोपे आहे. पण २००० साली ज्या देशाजवळ ना तंत्रज्ञ, ना भांडवल, ना भरवशाची दळणवळणाची साधने, त्याने हाती आलेले रोख पैसे घेतले, यात नवल ते काय? अडलेला शेतकरी पीक उभे असतानाच सौदा करतो. त्याला भाव ठाऊक नसतो असे नव्हे, त्याला थांबणे परवडत नाही. आणि तुवालूला थांबणे न परवडण्याचे आणखी एक कारण होते. त्याच्याजवळ वेळच कमी होता.

१६/ नोव्हेंबर २०२१ मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेसाठी तुवालूचे परराष्ट्रमंत्री सायमन कोफे यांनी भाषण केले ते गुडघाभर समुद्रात उभे राहून. अंगात कोट, गळ्यात टाय, समोर ध्वनिक्षेपक आणि भोवती पाणी. पुढच्या वर्षी त्यांनी सांगितले की, बेटे बुडाली तरी देश टिकावा म्हणून तुवालू आपली डिजिटल प्रतिकृती तयार करीत आहे. २०२३ मध्ये राज्यघटनेतच तरतूद झाली : भूमी गेली, तरी तुवालू हे राष्ट्र कायम राहील.

१७/ नोंदवह्या मात्र घटनेवर चालत नाहीत. युगोस्लाव्हिया फुटला आणि मार्च २०१० मध्ये ‘डॉट वाययू’ हे नाव इंटरनेटवरून पुसले गेले. उलट सोव्हिएत संघ १९९१ साली संपला, तरी त्याचे ‘डॉट एसयू’ अजून चालू आहे. आता नियम असा आहे की, आयएसओच्या यादीतून संक्षेप गेला की त्या नावाचा कारभार साधारणपणे पाच वर्षांत आवरता घ्यावा, फार तर दहा. बेटे गेली आणि जगाने तुवालूला देश म्हणणे थांबवले, तर दोन अक्षरांचे वतनही जाईल. आणि ज्या लाखो पत्त्यांच्या शेवटी ती अक्षरे आहेत, त्यांच्या धन्यांना कदाचित तेव्हाच कळेल की, आपण कोणाच्या शिवारात राहत होतो.

१८/ नोव्हेंबर २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियाशी ‘फालेपिली’ करार झाला. दरवर्षी २८० तुवालूवासीयांना तेथे कायमचे राहण्याची मुभा मिळणार आहे. २०२५ च्या पहिल्या सोडतीत देशाच्या ऐंशी टक्क्यांहून अधिक लोकांची नावे पडली. आपल्याकडच्या महसुली दप्तरात एक शब्द आहे : बेचिराग गाव. वस्ती उठली, घरे पडली, दिवा लावायला कोणी उरले नाही, तरी दप्तरात गावाचे नाव राहिले, असे गाव. तुवालूने आपले नाव भाड्याने देऊन रस्त्यांवर दिवे लावले. त्या दिव्यांखाली माणसे किती काळ वावरतील, हे मात्र भाड्याच्या आकड्यांवर ठरणार नाही. ते समुद्रावर ठरेल आणि समुद्राची पातळी वाढवणाऱ्या दूरच्या, कितीतरी श्रीमंत देशांवर.

(समाप्त)