पैसे पाण्यात

भाव विचारणं हा आमच्या घराण्याचा पिढीजात छंद आहे. वस्तू घ्यायची असेल तरच भाव विचारावा, असं मानणारा मनुष्य बाजारात कधी सुखी होत नाही. आमचे वडील दादरच्या मंडईत हापूसच्या पहिल्या पेटीचा भाव दरवर्षी नेमाने विचारायचे आणि जूनमध्ये पायरी घेऊन घरी यायचे. भाव कळला की अर्धी वस्तू घेतल्यासारखी वाटते, आणि उरलेली अर्धी घ्यावीशी वाटत नाही. या सोप्या विद्येवर आमच्या तीन पिढ्यांनी संसार केले. घर असो, गाडी असो, शेजाऱ्यांच्या सुनेचं मंगळसूत्र असो, 'केवढ्याला पडलं?' हे विचारल्याशिवाय त्या वस्तूशी आमची ओळखच होत नाही.

या विद्येची खरी परीक्षा झाली ती इंग्लंडात, साउदॅम्प्टनच्या बोटींच्या प्रदर्शनात.

आमची मुलगी आणि जावई त्या बाजूला असतात. २०२३ च्या सप्टेंबरात आम्ही दोघं त्यांच्याकडे गेलो असताना जावईबापू म्हणाले, "बाबा, शनिवारी बोट शोला जाऊ. नुसतं बघायलाही मजा येते." तिकिटं त्यांनी आधीच काढली होती. त्यांचा भाव मी दोनदा विचारला, पण जावई संस्कारी असल्यामुळे त्यांनी सांगितला नाही.

साउदॅम्प्टन हे मुळात बोटींचंच गाव. १९१२ साली 'टायटॅनिक' निघाली ती इथूनच. अशा गावात 'बोट घेता का बोट' म्हणून दुकान मांडायला छाती लागते. पण इंग्रजांनी ते १९६९ पासून मांडलं आहे. खाडीत तरंगते धक्के टाकलेले, आणि त्यांना दोन्ही बाजूंनी पांढऱ्याशुभ्र बोटी बांधलेल्या. गोठ्यात म्हशी बांधाव्यात तशा. फक्त इथल्या म्हशी गोऱ्या, आणि दूध मालकाचं काढणाऱ्या.

होडी, मचवा, पडाव, गलबत ही मंडळी आपल्या ओळखीची. मोटर यॉट हे प्रकरण त्यांच्या नात्यातलं असलं तरी लांबचं आणि श्रीमंत. शिडाच्या जागी इंजिन आणि मासळीच्या जागी पाहुणे, म्हणजे मोटर यॉट. गलबत माल नेऊन पैसे आणतं. यॉट पैसे नेते आणि काही आणत नाही.

पहिल्याच बोटीपाशी वेताची टोपली ठेवलेली दिसली. तिच्यात जोडे. बोटीवर चढायचं तर पादत्राणं काढायची, असा इथला दंडक. सागवानी फळ्यांवर ओरखडे पडू नयेत म्हणून. आमच्या सौ.ना एकदम माहेरी आल्यासारखं वाटलं. "अहो, इथे सोवळं दिसतंय," त्या म्हणाल्या आणि पदर सावरून चढल्या. मी मात्र थबकलो. माझ्या डाव्या मोज्यातून अंगठा बाहेरच्या जगाची चौकशी करत होता. तेवढ्यात माझ्यापुढचे उंचनिंच साहेब जोडे काढून उभे राहिले आणि त्यांच्या मोज्यालाही टाचेशी झरोका निघाला. मला धीर आला. साहेब बोट घ्यायला आलेत की माझ्यासारखे बघायला, हे मोज्यावरून कळायला काही मार्ग नव्हता. विक्रेत्याचीही तीच अडचण. जगभरचे विक्रेते गिऱ्हाईक ओळखतात ते जोड्यांवरून. आणि इथे त्यांनीच ते टोपलीत टाकायला लावलेले. त्यामुळे तो बिचारा सगळ्यांशी सारख्याच अदबीनं बोलत होता. समतेचा इतका स्वच्छ नमुना मी पंढरपूरच्या वारीनंतर तिथेच पाहिला.

आत सौ.नी तपासणी सुरू केली. एका ड्रॉवरला हात घातला, तो उघडेना. विक्रेत्यानं बटण दाबून दाखवलं. लाटेबरोबर ड्रॉवर आपोआप सरकू नये म्हणून ती कळ. टेबलाच्या कडा किंचित उचललेल्या, कपबशी घसरू नये म्हणून. सगळे कोपरे गोल केलेले, हेलकाव्यात डोकं आपटलं तरी फुटू नये म्हणून. "बरं आहे हो," सौ. म्हणाल्या, "आपल्या बाळूच्या घरीही असंच करायला हवं." मग त्यांनी विचारलं, "कपडे वाळत कुठे घालायचे?" जावईबापूंनी भाषांतर केलं. विक्रेता गप्प झाला. वीस मीटर लांबीची बोट, चार शयनगृहं, चार न्हाणीघरं, दोन हजारांवर अश्वशक्ती, आणि एक दोरी बांधायला जागा नाही! त्या क्षणी ती बोट सौ.च्या मनातून उतरली. मी सुटकेचा नि:श्वास टाकला, जणू काही नाहीतर आम्ही ती घेणारच होतो.

आता माझी पाळी. किंमत कुठे लिहिलेली नव्हती. अशा ठिकाणी ती लिहीत नाहीत. जे. पी. मॉर्गन या अमेरिकन धनिकाच्या नावावर एक गोष्ट सांगतात की, ज्याला यॉटची किंमत विचारावी लागते त्याला ती परवडणार नाही, असं ते म्हणाले होते. ते तसं म्हणाल्याचा पुरावा नाही. पण मॉर्गनसाहेब दादरला राहत नव्हते एवढं नक्की. मी सरळ विचारलं.

"पंधरा लाख पौंडांपासून पुढे," विक्रेता म्हणाला.

शंभरानं गुणून मी धक्क्याचा कठडा धरला. पण खरा अर्थ त्या 'पासून पुढे'मध्ये होता. वीस टक्के व्हॅट वेगळा. वातानुकूलन वेगळं. किनाऱ्यावर जायची छोटी बोट वेगळी. डोलणं कमी करणारं यंत्र वेगळं. मुंबईत ज्यानं एकदा फ्लॅट घेतला आहे, त्याला या बोलण्यातलं अक्षरन्‌अक्षर कळतं. पार्किंग वेगळं, क्लब हाउस वेगळं, आणि दिलेल्या भावात काय, तर भिंती. शिवाय या धंद्यातला ठोकताळा असा की, किमतीचे दहा टक्के दरवर्षी नुसत्या सांभाळावर जातात. म्हणजे दहा वर्षांत आणखी एका बोटीचे पैसे, आणि हातात बोट एकच, तीही जुनी. वेगात निघाली तर ती तासाला तीनशे लिटरच्या वर डिझेल पिते. तेवढ्यात आपली एस. टी. मुंबईहून नागपूरला जाऊन परतीच्या वाटेला बरीच लागेल, आणि तीही पन्नास माणसं आणि दोन कोंबड्या घेऊन.

"मागच्या वर्षी आला असतात तर स्वस्त पडली असती," विक्रेता शेवटी म्हणाला. हे वाक्य ऐकलं आणि मला त्याच्याबद्दल एकदम आपुलकी वाटली. हेच वाक्य मला ठाण्याच्या बिल्डरनं १९८६ साली ऐकवलं होतं.

भाव का वाढतात, याची त्यानं कारणंही दिली : राळ महागली, इंजिनं महागली, मजुरी वाढली. आणि २०२० च्या साथीत श्रीमंतांना घरात बसवेना तेव्हा त्यांनी बोटींची इतकी मागणी नोंदवली की कारखान्यांपुढे वर्षानुवर्षांच्या रांगा लागल्या. हे सगळं खरंच आहे. पण माझ्या अल्पमतीला वाटतं, मूळ कारण शेजारी हे आहे.

असं बघा. जर्मनीतल्या ल्युर्सन या कारखान्यानं १८८६ साली गॉटलीब डाइमलरसाठी जगातली पहिली मोटरबोट म्हणून ओळखली जाणारी 'रेम्स' बांधली. लांबी सहा मीटर. त्याच कारखान्यानं २०१३ साली 'अझ्झाम' बांधली. लांबी १८० मीटर, म्हणजे आपल्या जुन्या नऊ डब्यांच्या लोकलएवढी, फक्त लोंबकळणारी माणसं वजा. मधल्या सव्वाशे वर्षांत माणसाची उंची काही तीसपट वाढली नाही. मग वाढलं काय? ज्या बंदरात तुमची पन्नास मीटरची बोट दिमाखात उभी आहे, तिथे शेजारी साठ मीटरची येऊन लागली की तुमची एका रात्रीत होडी होते. तिचा एक खिळासुद्धा हललेला नसतो. दर सप्टेंबरात मोनॅकोला मोठ्या यॉटींचं प्रदर्शन भरतं. तिथे अशा शेकडो मीटर मत्सराची रीतसर मांडामांड असते.

या बोटींची रचनाही त्याच धोरणानं होते. बोट चालण्यासाठी असते हा आपला गैरसमज. मालक वर्षातले मोजके आठवडे येतो आणि तेव्हाही बोट बहुधा नांगरून उभीच असते. पूर्वी डोलणं थांबवणारे पंख बोट चालती असतानाच उपयोगी पडत. या शतकाच्या सुरुवातीपासून उभ्या बोटीलाही स्थिर ठेवणारे पंख मिळू लागले, आणि धनिकांनी ते हौसेनं बसवून घेतले. समुद्रावर जायचं, पण समुद्र जाणवता कामा नये. एवढंच हवं होतं तर माणसानं साताऱ्याला राहावं.

दुसरी गंमत टनेजची. यॉटचं टनेज म्हणजे वजन नव्हे. आतल्या बंदिस्त जागेचं माप. ते पाचशेला पोचलं की आगीपासून जीवरक्षणापर्यंतचे मोठ्या जहाजांचे कडक नियम लागू होतात. म्हणून युरोपातले रचनाकार जिवाचं रान करून आकडा ४९९ वर आणून थांबवतात. बाटाच्या चपलेची किंमत आणि यॉटचं टनेज नेमकं नव्व्याण्णवावर का अडतं, हे कोडं मला तिथे सुटलं. चटईक्षेत्राच्या नियमात बसवून बाल्कनी बंद करणारा आमच्या सोसायटीचा आर्किटेक्ट तिथे उपाशी मरणार नाही.

एवढं करून हाती काय येतं? १९८० साली इटलीच्या बेनेत्ती कारखान्यानं अदनान खशोगी या सौदी दलालासाठी 'नबिला' बांधली. ८६ मीटर, आणि खर्च दहा कोटी डॉलरच्या घरात म्हणतात. १९८३ साली ती जेम्स बाँडच्या चित्रपटात चमकली. पण बांधता बांधता कारखाना कर्जात बुडाला आणि १९८५ साली विकला गेला. पुढे खशोगींचेही दिवस फिरले आणि बोट फिरत फिरत न्यूयॉर्कच्या एका बिल्डरला २ कोटी ९० लाख डॉलरना मिळाली. बिल्डरचं नाव डोनाल्ड ट्रम्प. होय, तेच. त्यांनाही ती झेपली नाही. १९९१ साली ती सौदी राजपुत्राकडे गेली, दोन कोटींना. म्हणजे नव्या बोटीचा भाव दरवर्षी चढतो आणि घेतलेल्या बोटीचा दरवर्षी उतरतो. पाण्यात पैसे घालणं म्हणजे काय, हे आमचे वडील सांगायचे. पण त्यासाठी प्रत्यक्ष पाणी लागतं हे त्यांना माहीत नव्हतं.

इथवर मी मनातल्या मनात खूष होतो. श्रीमंतांचं हसं होताना पाहण्यासारखं मध्यमवर्गीय सुख नाही. पण दुपारी चहा घेताना बाकावर शेजारी एक म्हातारे गृहस्थ बसले. चाळीस वर्षं बोटींच्या आतलं सुतारकाम केलेले. सवयीप्रमाणे मी त्यांना विचारलं, "केवढ्याला पडते हो अशी बोट?" ते हसले. म्हणाले, ते ठाऊक नाही. पण एकाच झाडाचे पातळ पापुद्रे काढून ते दारांवर असे चिकटवायचे की एका दारावरची रेघ पुढच्या दारावर न तुटता जायला हवी, हे ठाऊक आहे. एका केबिनला तीन आठवडे लागायचे. बोलताना त्यांचा अंगठा बाकाच्या फळीवरून सारखा फिरत होता, कुठे खडबडीत लागतंय का ते बघत. आता त्यांचा नातू त्याच कामावर उमेदवारी करत होता.

त्यांनी दुसरी बाजू सांगितली. श्रीमंतांना धडा शिकवावा म्हणून अमेरिकेत १९९१ पासून महागड्या बोटींवर दहा टक्के चैनकर बसला; एक लाख डॉलरच्या वरच्या रकमेवर. श्रीमंतांनी धडा शिकला तो असा की, नवी बोट घ्यायची नाही. त्यांचं काही अडलं नाही. अडलं ते सुतारांचं, रंगाऱ्यांचं, फिटरांचं. कारखाने ओस पडले, माणसं घरी बसली, आणि १९९३ साली सरकारनं तो कर मुकाट्यानं मागे घेतला.

मला आपल्याकडची 'इंडियन एम्प्रेस' आठवली. ९५ मीटरची ती यॉट विजय मल्ल्यांची म्हणून ओळखली जायची. २०१८ साली ती माल्टाच्या बंदरात अडकली. कारण वादळ नव्हतं, खडक नव्हता. चाळीसेक खलाशांचा पगार थकला होता, दहा लाख डॉलरच्या वर. शेवटी कोर्टानं तिचा लिलाव केला. साडेतीन कोटी युरोला गेली. एवढ्या बोटीला पाण्यावर ठेवतं ते इंजिन नव्हे, डेक घासणाऱ्या पोऱ्याचा पगार, हे त्या दिवशी मालकाला नाही तरी माल्टाच्या कोर्टाला कळलं.

तेव्हापासून मी कुणाच्या बोटीवर रागावत नाही. घेऊ देत बापड्यांना. शंभर मीटर घ्या, दोनशे घ्या. साउदॅम्प्टनच्या त्या नातवाला दारं जुळवायला मिळतील. भाव विचारायचं मी अर्थात सोडलेलं नाही, ते या जन्मी शक्य नाही. फक्त बोट केवढ्याला, यानंतर मी हल्ली आणखी एक गोष्ट विचारतो : खलाशांचा पगार किती, आणि होतो कितव्या तारखेला? पहिल्या प्रश्नाचं उत्तर विक्रेते आता हसत देतात. दुसऱ्याला मात्र ते म्हणतात, "ते आपल्या विनंतीवरून कळवण्यात येईल."